थर वाळेपर्यंतचा वेळ

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थ्यांच्या हस्तनिर्मित शुभेच्छापत्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरकमहोत्सवाचे निमंत्रण हाती पडल्यावर आपल्यापैकी काहींनी दूरध्वनी करून विचारले की, ते कोणत्या मुद्रणालयात छापून घेतले. ते मुद्रणालय आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गातच होते. निमंत्रणावरचा वड विद्यार्थ्यांनी खोडरबरावर कोरलेल्या तीन ठशांनी उमटवलेला आहे. शेजारी बसलेल्यांशी आपली प्रत ताडून पाहिलीत, तर एकाची पारंबी जरा डावीकडे सरकलेली आणि दुसऱ्याची पालवी जरा दाट झालेली दिसेल. दोन निमंत्रणे तंतोतंत सारखी नाहीत. या दालनात मांडलेली शुभेच्छापत्रेही याच रीतीने तयार झाली आहेत.

या उपक्रमाच्या आरंभी काही पालकांनी मला एक रास्त प्रश्न विचारला होता. भ्रमणध्वनीवर क्षणार्धात हवे ते चित्र पाठवता येत असताना मुलांचे इतके तास ठसे कोरण्यात का घालवायचे? परीक्षेत याला गुण नाहीत, पुढे यातून नोकरीही मिळणार नाही. या प्रश्नाचे उत्तर द्यावे, एवढ्याच हेतूने मी आज उभी आहे.

प्रथम ठसेकामाची रीत थोडक्यात सांगते. आपण सर्वांनी लहानपणी भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे उमटवलेले आहेत. तो एका थराचा ठसा. त्यात आकार उमटतो, पण खोली येत नाही. थरांच्या ठशात एकाच चित्रासाठी दोन, तीन किंवा अधिक ठसे करतात. आपल्या वडाचेच उदाहरण घ्या. पहिला ठसा संपूर्ण पर्णसंभाराच्या बाह्याकाराचा असून तो फिकट पोपटी शाईने उमटवला आहे. दुसऱ्या ठशात पानांचे दाट पुंजके तेवढे ठेवले, बाकीचा भाग कोरून काढला, आणि तो गडद हिरव्या शाईने पहिल्यावर उमटवला. तिसरा ठसा खोड, फांद्या आणि पारंब्यांचा, तपकिरी. फिकट रंग आधी आणि गडद रंग शेवटी, हा क्रम सहसा मोडत नाहीत, कारण गडद रंगावर फिकट रंग दिसत नाही. शाई पारदर्शक असेल तर जिथे दोन थर एकमेकांवर येतात तिथे तिसरीच छटा तयार होते. त्यामुळे तीन शायांतून डोळ्यांना पाच छटा दिसू शकतात.

यातली खरी परीक्षा जुळणीची असते. दुसरा ठसा पहिल्यावर नेमका बसला पाहिजे. त्यासाठी आमच्या चित्रकला शिक्षकांनी पुठ्ठ्याची काटकोनी पट्टी करून दिली. कागदाचा कोपरा आणि ठशाची कड प्रत्येक वेळी त्या पट्टीला टेकवायची, ठसा सरळ खाली दाबायचा, डोलवायचा नाही, आणि सरळच वर उचलायचा. त्यानंतर पहिला थर पुरता वाळेपर्यंत थांबायचे. ओल्या थरावर दुसरा ठसा पडला की दोन्ही रंग एकमेकांत मिसळून मळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. या थांबण्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. गांधीनगरजवळचे पेथापूर हे गाव कापडछपाईच्या लाकडी ठशांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर सागवानावर नक्षी कोरतात. नक्षीत जितके रंग, तितके ठसे. बाह्यरेषेचा ठसा तो ‘रेख’, पार्श्वभूमी भरणारा तो ‘गद’ आणि आतले रंग भरणारा तो ‘दत्ता’. बहुधा रेख आधी उमटवतात आणि बाकीचे ठसे तिच्याशी जुळवून घेतात. ठशाच्या कोपऱ्यांवर बारीक खुणेचे ठिपके ठेवलेले असतात, त्यांच्या आधारे पुढचा ठसा नेमक्या जागी पडतो. पेथापूरच्या ठशांनी छापलेले ‘सौदागिरी’ नावाचे कापड एके काळी थेट सयामपर्यंत, म्हणजे आजच्या थायलंडपर्यंत जात असे.

आपल्या बडोद्याचा या थरांशी आणखी एक धागा जुळतो. सयाजीराव महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक चित्रे करून घेतली. ती राजवाड्याच्या भिंतींपुरती न राहता घरोघरी पोचली, ती छपाईमुळे. आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे रविवर्मांना सुचवणाऱ्यांत सर टी. माधवराव होते. ते तंजावरी मराठी घराण्यातले, आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले. पुढे १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचे मुद्रणालय सुरू झाले. ते नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे गेले. तिथल्या शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरावी लागे आणि एकेक रंग वाळवून त्यावर पुढचा चढवावा लागे. आपल्या आजी-पणजींच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती अशी थराथराने घडलेली होती. १८९० मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या मुद्रणालयात काम केले होते.

आता शुभेच्छापत्राविषयी. इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. छापील शुभेच्छापत्र जन्माला आले तेच मुळी श्रम वाचवण्यासाठी. १८४३ मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांना नाताळात असंख्य पत्रांची उत्तरे लिहिण्यास सवड नव्हती. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या प्रती छापून हाताने रंगवून घेतल्या आणि नाव लिहिण्यापुरती जागा मोकळी ठेवली. व्यापारी शुभेच्छापत्रांची परंपरा तिथून सुरू झाली असे मानतात. तेव्हा आज भ्रमणध्वनीवरून एकच चित्र शंभर जणांना पाठवणारा माणूस काही नवे पाप करतो आहे, असे मला म्हणता येणार नाही. तो हेन्री कोल यांचाच वारसदार आहे. संक्रांतीला आपल्याकडे येणारी तिळगुळाची भेटकार्डेही बहुतेक दुकानातलीच असत. परंतु त्यांच्या आत एक कोरी बाजू असे. तिथे कुणीतरी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहीत असे, आणि पत्ता लिहिताना का होईना, एकाच माणसाचे नाव त्याच्या मनात असे. आज हरवली आहे ती ही कोरी बाजू.

कीर्तिमंदिराच्या भिंतींवरची नंदलाल बोस यांची भव्य चित्रे आपण पाहिली आहेत. हेच नंदलालबाबू साध्या पोस्टकार्डावर चित्रे काढून शिष्यांना आणि स्नेह्यांना पाठवीत असत. एवढ्या मोठ्या भिंती रंगवणाऱ्या हाताला तळहाताएवढा कागद लहान वाटला नाही, कारण त्याच्या पलीकडे एक विशिष्ट माणूस होता.

म्हणून या उपक्रमात आम्ही दोनच नियम केले. प्रत्येक शुभेच्छापत्र एकाच व्यक्तीसाठी असेल, आणि आतला मजकूर विद्यार्थ्याचा स्वतःचा आणि मराठीत असेल. तयार ओळी उतरवून घ्यायच्या नाहीत. बाहेरचा भाग मुलांना सोपा गेला. वड, पणती, मोर, पतंग, काय हवे ते त्यांनी हौसेने कोरले. पेच पडला तो आत.

मगाशी मी थांबण्याविषयी बोलले. पहिला थर वाळेपर्यंत मुले नुसती बसून राहत आणि मग गडबड करीत. तेव्हा आमच्या मराठीच्या बाईंनी एक युक्ती काढली. पहिल्या थराच्या वेळात हे पत्र कोणाला आणि मायना काय, एवढेच ठरवायचे. दुसऱ्या थराच्या वेळात मजकुराचा कच्चा खर्डा लिहायचा. तिसरा थर वाळेपर्यंत तो वाचून, दुरुस्त करून पक्का करायचा. शाई वाळायला जो वेळ लागतो, तोच मनातला मजकूर जुळायलाही लागतो, हे आम्हाला त्या दिवसांत उमगले.

पहिल्याच थराला प्रश्नांचा पाऊस पडला. आजोबांना ‘तीर्थरूप’ लिहायचे, मग मामांना काय? धाकट्या बहिणीला ‘चिरंजीव’ चालेल का? ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे नेमके काय? आपल्या पिढीने हे मायने पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरून गेलो. या मुलांना ते खरोखर हवे होते, कारण पत्र खरोखर जाणार होते. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे पूर्ण शब्द सांगितल्यावर सातवीतल्या एका मुलाने विचारले, ‘बाई, नमस्कार करून झाल्यावर मग विनंती करायची, असं आहे का?’ पत्रलेखनाचा धडा याहून चांगला समजल्याचे मी पाहिलेले नाही.

अक्षरांचे ठसे कोरताना तर देवनागरीची नव्याने ओळख झाली. ठसा उमटतो तो आरशातल्यासारखा उलटा, म्हणून अक्षर उलटे कोरावे लागते. पहिल्या दिवशी एकाने ‘दिवाळी’ सरळच कोरली. छापून पाहतो तो ‘दि’ची पहिली वेलांटी उजवीकडे गेलेली, ‘ळी’ची दुसरी डावीकडे आलेली! ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व झाले. वर्ग पोट धरून हसला. मात्र त्या दिवसापासून त्या वर्गात या दोन वेलांट्यांची गल्लत क्वचितच होते, असे बाई सांगतात. मग पारदर्शक कागदावर पेन्सिलीने लिहून तो पालथा घालून खोडरबरावर घासायचा, म्हणजे अक्षर आपोआप उलटे उतरते, ही पद्धत मुलांनी आत्मसात केली. दुसरी अडचण शिरोरेषेची. अक्षरे सुटी कोरून शेजारी शेजारी उमटवली की वरची रेघ तुटक दिसे. यावर मुलांनीच तोडगा काढला. अक्षरे शिरोरेषेविना कोरायची आणि रेघेचा एक लांब ठसा वेगळा करून तो शेवटच्या थरात अलगद टेकवायचा. दालनातली ‘शुभेच्छा’ ही अक्षरे जवळून पाहा. त्यांवरची रेघ अशी नंतर आलेली आहे, आणि ती आल्यावरच सुट्या अक्षरांचा शब्द झाला आहे.

आता मी माजी विद्यार्थ्यांपाशी थोडे मोकळेपणाने बोलते. हीरकमहोत्सवानिमित्त आम्ही आपल्या मुलांनाही एका रविवारी ठसेकामासाठी बोलावले होते. त्यांतली बहुसंख्य मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात. ती हुशार आहेत, चुणचुणीत आहेत, आणि घरी मराठी बोलतात. त्यांचे ठसे उत्तम उमटले. पण आतल्या बाजूपाशी पुष्कळांचे हात थबकले. एका मुलाने गावी राहणाऱ्या आजीसाठी सुंदर मोर केला होता. तिच्याशी तो रोज मराठीतच बोलतो. आत त्याने ‘आजी’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला, क्षणभर पाहिला आणि खोडला. आजीला ही अक्षरे वाचता येत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. शेजारी आपल्या शाळेतली चौथीची मुलगी बसली होती. तिने काही न बोलता खोडरबराच्या तुकड्यावर ‘आजी’ ही दोन अक्षरे उलटी कोरून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उमटवली. मग तिच्याकडून एकेक अक्षर विचारून घेत त्याने खाली लिहिले, ‘मोर मी केला. तू कधी येणार?’ दोनच वाक्ये. त्यांना त्याला पाऊण तास लागला.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आपण मुलांसाठी जे माध्यम निवडले, ते त्यांच्या भविष्याची काळजी करूनच निवडले. ज्या इयत्तांच्या पूर्वी या शाळेत दोन-तीन तुकड्या पाडाव्या लागत, तिथे आज एकच तुकडी बसते, हे वास्तव आपणा सर्वांसमोर आहे. एका भाषणाने ते बदलणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, बोलता येणे आणि लिहिता येणे यांमध्ये एक अंतर असते आणि ते एका पिढीत वाढत जाते. आज त्या मुलाची आजी आहे, म्हणून त्याला ते अंतर जाणवले. ज्या दिवशी मराठी पत्र वाचणारे घरात कोणी उरणार नाही, त्या दिवशी ते जाणवणेही थांबेल. आपले काही हरवले आहे, हे सांगायलाही मग कोणी नसेल.

पेथापूरच्या कारागिराकडून मला एक गोष्ट घ्यावीशी वाटते. रेख नीट उमटली की तिच्यावर कितीही रंग चढवता येतात. आपल्या बडोद्यातल्या मुलांवर भाषांचे थर चढणारच आहेत. रस्त्यावरची गुजराती, दूरदर्शनवरची हिंदी, महाविद्यालयातली इंग्रजी हे सगळे रंग हवेत. ते वरचेवर गडद होत जातील, यातही वावगे काही नाही. फक्त खुणेचे ठिपके पुसले जाऊ नयेत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करणाऱ्या ताराबाई मोडक मराठी होत्या. गुजरातच्या भूमीत त्यांनी बालशिक्षणाचे जे काम केले, त्याला दोन्ही भाषांचा आधार होता. एका भाषेत घट्ट पाय रोवलेला माणूस दुसऱ्या भाषेत उपरा ठरत नाही.

तेव्हा पालकांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे. ठसेकामातून मुलांना आधी योजना आखण्याची सवय लागते. तिसरा थर कसा दिसेल, हे पहिला कोरण्यापूर्वी मनात आणावे लागते. घाई केली की रंग मळतो, हे त्यांना कोणी उपदेश न करता समजते. केसभर सरकलेला ठसाही स्वीकारावा लागतो, कारण उमटलेला ठसा पुसता येत नाही. हे सगळे गुण मोलाचे आहेतच. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दोन थरांमधला रिकामा वेळ. आपल्या मुलांच्या दिवसातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. शाळा, शिकवणी, वर्ग, स्पर्धा यांमध्ये एका माणसाचा शांतपणे विचार करायला त्यांना पंधरा मिनिटे मिळत नाहीत. ठशांच्या निमित्ताने ती मिळाली, आणि मिळताच मुलांनी ती शब्दांनी भरली.

शेवटी दोन विनंत्या करते. पालकांना विनंती अशी की, घरी मूल शुभेच्छापत्र करायला बसले तर त्याचा वाकडा ठसा आपण सरळ करून देऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि आतल्या चार ओळींसाठी हवे तेवढे थांबा. यासाठी फार साहित्य लागत नाही. दोन खोडरबर, शाईची उशी, जाड कागद आणि कोरण्यासाठी बोथट टोकाची कोरणी पुरे. मात्र लहान मुलांच्या हाती धारदार पाते एकट्याने देऊ नका.

माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, आपल्याला आलेल्या निमंत्रणाच्या मागे ते तयार करणाऱ्या विद्यार्थ्याची इयत्ता आणि नाव लिहिलेले आहे. त्या विद्यार्थ्याला उत्तर पाठवा. साधे पोस्टकार्ड चालेल. मराठीत आणि आपल्या अक्षरात लिहा. अनेक वर्षे लिहिले नसेल तर हात अडखळेल, शुद्धलेखन चुकेल, ‘सा. न. वि. वि.’ आठवणार नाही. काही बिघडत नाही, तो अर्थ आता आमची सातवीतली मुलेही सांगू शकतात. आपल्या घरी मराठी न लिहिणारे मूल असेल, तर त्या उत्तराखाली त्यालाही त्याचे नाव देवनागरीत लिहू द्या. एवढे झाले तरी हीरकमहोत्सव साजरा झाला, असे मी समजेन.

प्रदर्शन आता आपणा सर्वांसाठी खुले आहे. चित्रे अवश्य पाहा, पण पत्रे उघडूनही वाचा. ज्यांना ती लिहिली आहेत, त्यांची परवानगी मुलांनी आधीच घेतलेली आहे.